पाण्यानें माणूस बाटतो काय?

पेण-रोह्याच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पाण्यास पवित्र न मानणारा धर्म विरळाच. पेणेस घडलेले गणपति आपण पाण्यांत बोळवतों. ख्रिस्ती लोक माणसाला पाण्यांतून धर्मांत घेतात. यास ते बाप्तिस्मा म्हणतात. कोणी मस्तकावर पाणी ओततात, कोणी सबंध देह बुडवितात. अर्थ एकच: जुना माणूस पाण्यांत मेला, नवा वर आला. खुद्द येशूनें यार्देन नदींत योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, असें त्यांचें शुभवर्तमान सांगतें.

पण त्याच ग्रंथांतली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. येशू जातीचा यहुदी. यहुदी लोक शेजारच्या शोमरोनी लोकांस हलके लेखीत, त्यांच्याशीं व्यवहार ठेवीत नसत. भर दुपारीं येशू थकून एका विहिरीपाशीं बसला आणि पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईजवळ त्यानें प्यावयास पाणी मागितलें. बाई थक्क झाली! जिवंत पाण्याचा उपदेश त्यानें केला तो मागाहून. आधीं तिच्या हातचें पाणी मागितलें. हा क्रम ध्यानांत धरा.

आतां आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. महाडचें चवदार तळें सर्वांस खुलें, असा ठराव तेथील नगरपालिकेनें १९२४ सालींच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तें पाणी प्याले, तेव्हां सनातन्यांनीं त्या गरिबांस झोडपून काढलें आणि पंचगव्य ओतून तळें 'शुद्ध' केलें! गुरांनीं न बाटणारें पाणी माणसाच्या ओंजळीनें बाटलें! उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडलें.

नुसता धर्म बदलल्यानें ही खोड जाते, असेंही नाहीं. एकाच पाण्यानें बाप्तिस्मा घेतलेल्यांस दक्षिणेकडील कित्येक ख्रिस्ती देवळांत जातवार वेगळें बसविलें गेलें. डोकें भिजलें, मन कोरडेंच राहिलें!

म्हणून आमचें म्हणणें सरळ आहे. पाण्याचें पावित्र्य मंत्रांत नाहीं, पाजण्यांत आहे. पेणच्या खारेपाटांतील मायबहिणींनीं हंडाभर गोड्या पाण्यासाठीं उन्हाळेच्या उन्हाळे वाट पाहिली आहे, आणि हेटवणें धरण त्याच तालुक्यांत! तहानेची किंमत त्यांना कोणी शिकवावयास नको. बंधूंनो, तीर्थ ज्याला जें घ्यावयाचें तें त्यानें घ्यावें. पण पाणवठ्यावर आलेल्यास जात विचारूं नका, आणि हक्काचें पाणी सरकारजवळ मागतांना सारा गांव एक होऊन मागा.