वरचं जंगल, खालचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला धारेच्या गोमुखाखाली ओंजळ धरली की गोडं पाणी मिळतं. तिथून विवराचा उतार उतरून सरोवराच्या काठाशी जावं, तर तिथलं पाणी खारं, पीएच दहाच्या आसपास. ही बारमाही धार कोणाच्या शेताखालून, खडकाच्या कोणत्या भेगेतून येते, हे वरून बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून ‘खाण भूमिगत आहे, वरचं झाडही तुटणार नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी पाण्याबद्दल विचारतो.

बुलढाण्याच्या काळ्या बेसाल्टात धातूची खाण नाही. पण विदर्भातच, नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात ‘मॉयल’ या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. चिखला, कांद्री, मनसर, गुमगाव इथं भूमिगत. डोंगरी बुजुर्गला खुली. खुल्या खाणीत खनिजाच्या कित्येक पट दगड-मुरूम उपसून त्याचे डोंगर रचावे लागतात. भूमिगत खाणीत ते ओझं फार कमी. इथपर्यंत दावा खरा आहे, पुढे नाही. पाण्याच्या पातळीखाली गेलेली खाण कोरडी ठेवायला पंप रात्रंदिवस चालवावे लागतात आणि भोवतालच्या भेगांतलं पाणीही तिकडेच ओढलं जातं. विहिरीचा झरा आटतो, ओढा लवकर कोरडा पडतो. झाड मात्र उभंच असतं, वाळायला त्याला वेळ लागतो. तोवर कागदावर ते ‘वाचलेलं’ असतं.

राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये बजावलं. चांगलंच झालं. पण त्या किलोमीटरच्या पलीकडे सारं निर्धास्त, हे मला मान्य नाही. हद्दीचा दगड जमिनीवर रोवलेला असतो. भूजल त्याला विचारून वाहत नाही.

‘खाणच नको’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मँगनीजवाचून पोलाद होत नाही. रूळ, पूल, ट्रॅक्टर आपण वापरायचे आणि खनिज दुसऱ्याच्या रानातून आणायचं, यात रान कुठं वाचलं?

मग खाण व्हावी कशी? खनिज काढून झालेली पोकळी भरलीच पाहिजे. मॉयलच्या भूमिगत खाणींत पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळ्या भरतात. त्याला सँड स्टोइंग म्हणतात. पाणी निथळून जातं, वाळू घट्ट बसते, आणि त्याच भरावावर उभं राहून कामगार वरचा थर काढतात. ही पद्धत मला मनापासून पटते. पण वाळू नदीतूनच येणार असेल, तर जंगल राखायला आपण नदी खरवडतो. त्याऐवजी खाणीतलाच टाकाऊ दगड भरडून परत खाली गेला पाहिजे. वर उरेल त्याचंही काही करता येतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या खाणीतल्या टाकाऊ दगड-मातीच्या उजाड ढिगांवर साखर कारखान्यातलं प्रेसमड आणि जिवाणू खतं घालून झाडं जगवून दाखवली आहेत.

राहिलं पाणी. पहिला सुरुंग लावण्याआधी निदान दोन वर्षं आसपासच्या प्रत्येक विहिरीची पातळी आणि प्रत्येक झऱ्याची धार मोजा. टेप गावकऱ्यांच्या हातात द्या, आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. खाण सुरू झाली की तीच मोजणी दर महिन्याला व्हावी. पातळी ठरल्यापेक्षा खाली गेली तर खोदकाम थांबेल, ही अट परवान्यातच हवी. विहीर आटल्यावर भरपाईचे अर्ज मागवणं आम्हाला नको.