अभिमान वड्याचा, उपेक्षा नागलीची

आपल्या महाराष्ट्रात माणसाचा मुलूख ओळखावा तो त्याच्या खाण्यावरच्या भांडणावरून. कोल्हापूरचा माणूस पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणावयास तयार नसतो, नाशिककर त्या दोघांनाही मोडीत काढतो, आणि अपरात्री गाडीवर मिळालेला गरम वडापाव मुंबईकराला आपल्या मुंबईकरपणाचा दाखलाच वाटतो. आता या निष्ठेला दुकानांच्या साखळ्याही लाभल्या आहेत. जम्बोकिंग २००१ साली निघाले, गोली वडापाव २००४ साली. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य अधिनियमाने चोवीस तास धंदा करण्याची वाट मोकळी केली. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कित्येक हॉटेलांत तर चूल विझतच नाही. अमुक ठिकाणचाच चहा, तमुक ठिकाणचीच भाजी, असे सांगताना आपल्या लोकांचा स्वर भक्तिभावाने ओला होतो.

या प्रेमाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकावयास सुरुवात केली असे मानले जाते, आणि त्या वड्याने गिरणी कामगाराच्या दोन पाळ्यांमधील भूक भागवली. अशा अन्नाविषयी कृतज्ञताच असावी. आमची तक्रार निराळी आहे. वड्याच्या नावाने ‘आमचे, आमचे’ म्हणून छाती पुढे करणारा हा अभिमान जव्हार-मोखाड्याचा घाट चढताच मुका का होतो?

कोणी म्हणेल, वडा परका आणि नागली अस्सल, असे तुम्हांला म्हणावयाचे आहे. मुळीच नाही. बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आली. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. १५३४ ते १७३९ पर्यंत त्यांच्या अमलाखाली राहिलेल्या वसईच्या लोकांना हे सांगावयास नको. नागलीदेखील हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आली आहे. उगम शोधू लागलो तर कोणाच्याच ताटात फारसे काही उरणार नाही. आमची कसोटी दुसरी आहे. त्या अन्नाने इथल्या माणसाला जगवले काय, आणि ते पिकवणाऱ्याला आपण मानाने जगू देतो काय?

साखरशेत हे जव्हार तालुक्यातील गाव. नावात साखर असली तरी या डोंगरपट्टीतील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांच्या पिढ्या पोसल्या त्या भाताबरोबर नागली आणि वरईने. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर नागली पेरायची, रोप हाताएवढे झाले की उपटून वरकस उतारावर लावायचे, आणि दिवाळीच्या सुमारास कणसे खुडायची. जिथे पाणी ठरत नाही आणि भात रुजत नाही, तिथे ही नागली उभी राहते. तिच्या दाण्याला कीड सहसा लागत नाही. कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वारली समाजाने धान्याला कणसरी माता म्हणून पुजले, ते उगाच नव्हे.

याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात १९९२-९३ साली शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजाराने दगावली. त्या मृत्यूंना दारिद्र्य, स्थलांतर, रस्ता नसणे, वैद्य नसणे अशी अनेक कारणे होती, आणि नागलीची भाकरी त्या साऱ्यांवरचा उतारा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मातीत एवढे सकस धान्य पिकते तेथेच मुलांची हाडे दिसावीत, ही गोष्ट अन्नाचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने विसरता कामा नये.

शासनाने काय केले? या धान्यांची नावे बदलली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ती ‘भरडधान्ये’ होती. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, अशी त्यांची पायरी ठरली. २०१८ साली ती ‘पोषक धान्ये’ झाली, आणि जगाने ज्या वर्षी भरडधान्य वर्ष पाळले त्या २०२३ साली ‘श्रीअन्न’. २०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, साध्या भाताचा २,३६९ रुपये. कागदावर नागली भाताच्या दुपटीहून महाग झाली. परंतु डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला उतरणाऱ्या बाईला तो भाव देणारा गिऱ्हाईक कोण? शहरातल्या दुकानात सुबक पुडीत नागलीची बिस्किटे महागात विकली जातात. तिच्या हाती व्यापारी टेकवील ते पैसे पडतात.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: आदिवासी मुलालाच आता भाकरी नको, त्याला वडापाव हवा. हवा असेल तर त्याने तो खुशाल खावा. गरिबाने गरिबीचेच खाणे खावे, असा उपदेश करण्याचा अधिकार भरल्या पोटाला नाही. पण काळी भाकरी लाजेची, हे त्याला कोणी शिकवले? ज्या पाहुण्यांसाठी त्याची आई भाकरी झाकून ठेवते आणि उसना तांदूळ शिजवते, त्या पाहुण्यांनी. त्या पाहुण्यांत आम्ही धर्मगुरू, शिक्षक, अधिकारी आणि समाजसेवक सारेच येतो. दिवाळीनंतर या पाड्यांतील माणसे वीटभट्ट्यांकडे उतरतात. रात्रभर उघड्या असलेल्या हॉटेलांच्या मोऱ्यांपाशी जी पोरे भांडी घासतात, त्यांची गावे कधीतरी विचारावीत. आपल्या आवडत्या ताटामागे कोण जागे असते, हे न विचारणारी निष्ठा आम्हांस जिभेचा छंद वाटते.

प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा त्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या, असे संत योहान मुद्दाम नमूद करतो. जव हे त्या काळी गोरगरिबांचे धान्य. प्रभूने गव्हाची भाकरी मागवली नाही. त्याने तीच हाती घेतली, आभार मानले आणि सर्वांना वाटली. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठी ख्रिस्ती लोक ‘भाकर’च मागतो. मग आपल्या सणाच्या पंगतीत तिला जागा का नसावी?

हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेल्या समाजाला शेती गेल्यावर काय जाते हे ठाऊक आहे. म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या सणाला आणि सुगीच्या मिस्सेनंतर इंद्याल-फुग्यांच्या शेजारी नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी असावी. ती नागली जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावी, हमीभावापेक्षा एक पैही कमी न देता. लग्नाच्या मांडवात मंचुरियनवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. हे करावे, आणि मग कोणाची मिसळ श्रेष्ठ यावर रात्रभर वाद घालावा. आमची त्याला हरकत नाही.