कृषी अभियंता बांधावर हवा

आपल्या देशात कृषी अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण १९४२ साली अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, सुरू झाले. आज राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत मृद-जलसंधारण, सिंचन, अवजारे व काढणीपश्चात प्रक्रिया हे विषय शिकविले जातात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा अवघी १.०८ हेक्टर. एवढ्याशा तुकड्यावर अवाढव्य ट्रॅक्टर वळवायचा कोठे? तेथे हवीत हलकी, स्वस्त अवजारे आणि उतार पाहून केलेली बांधबंदिस्ती. ही विद्या शिकलेला तरुण मात्र स्पर्धा परीक्षेच्या वर्गात बसलेला! त्याला दोष कसा द्यावा? पदवीचे चीज होईल अशी पदेच अपुरी आहेत. तालुक्यागणिक एक कृषी अभियंता नेमायला शासनाला अडचण कोणती?