ध्वनिमुद्रिका आणि संहिता

मराठी संगीत नाटकाचा इतिहास पुष्कळदा पदांचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्याच्या रंगभूमीवर आले, तेव्हा गद्य संवाद आणि गायन यांचे परस्परावलंबन हाच या प्रकाराचा प्राण होता. पुढे ग्रामोफोन आला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. बालगंधर्वांचे पद तिच्यावर उतरले. ज्या प्रसंगातून ते उमलले तो मात्र बाहेर राहिला. पाश्चात्त्य ऑपेराला १९४८ नंतर दीर्घवादी तबकडीचा लाभ झाला आणि समग्र प्रयोग संहितेच्या पुस्तिकेसह रसिकांच्या हाती येऊ लागला. मराठी रसिकाच्या संग्रहात प्रामुख्याने सुटी पदेच राहिली. तथापि नाटक छापलेले असल्याने ही हानी भरून काढता येते.

छत्तीसगढच्या पंडवानीची गोष्ट वेगळी आहे. कधी काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला हा प्रदेश मराठी अभ्यासकाला अगदीच परका नाही. पंडवानीच्या वेदमती शाखेला सबलसिंह चौहानांच्या महाभारताचा ग्रंथाधार आहे. कापालिक शाखेची कथा मात्र गायकाच्या स्मरणात आणि स्फूर्तीत वसते. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या व भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी, पुरुषांची मानली जाणारी ही शाखा उभे राहून गाजवली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. साथीतला रागी हुंकार देई, प्रश्न विचारी आणि कथेला वळण लावी.

येथे प्रयोग हीच संहिता होय. म्हणूनच रंजक तेवढा भाग निवडून केलेले मुद्रण हे पदांच्या तबकडीपेक्षाही अधिक घातक ठरते. चित्रफिती आहेतच, मग चिंता कशाची, असे कोणी म्हणेल. परंतु स्थळ, काळ, प्रसंग यांची नोंद आणि रागीच्या हुंकारासह केलेले छत्तीसगढी लिप्यंकन सोबत नसेल, तर चित्रफीत ही आठवण ठरते. अभ्याससाधन ठरत नाही. भारतीय साहित्याच्या विभागांनी हे काम लोककलेच्या संग्रहालयांवर सोपवून मोकळे होऊ नये. जे साहित्य छापलेले नाही, त्याचे संपादन करणे हेही साहित्याभ्यासाचेच कर्तव्य आहे. आणि गायकांची एक पिढी सरली की ते पार पाडण्याची संधीही सरते.