वीज घालवून घंटा वाजवून दाखवा

जानेवारी संपत आला. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यावा, असे महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो. त्यामुळे या आठवड्यात शाळाशाळांत कागद हलतील, सह्या होतील आणि फाईल पुन्हा कपाटात जाईल. याच महिन्यात, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. तिथे धुराची पहिली खबर लागली ती परिचारिकेने दार उघडल्यावर, आणि तोवर कक्ष धुराने भरून गेला होता. त्यानंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, पण आपल्या सांगली शहरातल्या तीनमजली-चारमजली शाळांतली घंटा शेवटची कधी वाजवून पाहिली, हे पालकांना आजही कुठे वाचायला मिळत नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर मी इथे वारंवार लिहितो, आणि आजही तिच्याकडेच वळणार आहे. धोक्याची सूचना देणारी सगळ्यात भरवशाची व्यवस्था सांगलीने स्वतःच उभी केली आहे, ती या पुलापाशी, पाणी मोजणाऱ्या पट्टीच्या रूपात. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडून वर आले. तेव्हा गावभागातला माणूस आकडा ऐकूनच सामान माळ्यावर चढवायचे की घर सोडायचे हे ठरवत होता. ही पट्टी काही नव्या तंत्राची नाही, पूलही १९२९ चा. तरीही तिच्यावर विश्वास बसतो, कारण ती रोज वाचली जाते, वाचणारा ठरलेला असतो, आकडा सगळ्यांना कळतो आणि कोणत्या आकड्याला काय करायचे हे आधीच ठरलेले असते. पट्टी चुकली तर दुसऱ्याच दिवशी शंभर लोक ओरडतील. शाळेतल्या अलार्मला यातले काहीच लाभत नाही. पॅनेल कार्यालयाच्या भिंतीवर, अनेकदा कपाटाआड असते. त्यावरचा पिवळा दिवा बिघाड दाखवत असतो, पण त्रास होतो म्हणून बझर कुणीतरी बंद केलेला असतो. आणि त्या दिव्याचा अर्थ ज्याला ठाऊक होता, तो लिपिक निवृत्त झालेला असतो. कृष्णेचा गेज महिनाभर वाचला नाही तर शहर गप्प बसणार नाही. शाळेतला हा गेज मात्र वर्षानुवर्षे न वाचता पडून राहतो.

अलार्मची यंत्रणा म्हातारी होते ती एकदम बंद पडून नव्हे. छतावरच्या धूरशोधकात धूळ साचते, किडे शिरतात. मग तो विनाकारण ओरडतो किंवा धूर असूनही मुका राहतो. साधारण दहा वर्षांनी शोधक बदलावा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. पॅनेलमधली बॅटरी तर तीन-चार वर्षांत दम तोडते, आणि ती मेली आहे हे वीज असेपर्यंत समजतच नाही. शॉर्टसर्किटने आग लागली की पहिली जाते ती वीजच. म्हणजे ज्या घटकेसाठी ही बॅटरी ठेवलेली आहे, नेमका त्याच घटकेला तिचा निकाल लागतो. रंगकाम करताना शोधकावर रंगाचा हात फिरतो, नवा प्रोजेक्टर बसवताना वायर तोडली जाते, एका मजल्याचा झोन कायमचा गळून पडतो. आणि रंगकामाला, कमानीला, कोनशिलेला पैसे मिळतात, देखभालीच्या खात्यावर मात्र शिल्लक नसते, ही माझी जुनी तक्रार इथेही लागू पडते.

यावर कुणी म्हणेल की दाखला आहे ना, मग चिंता कसली? १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत ९२ मुले आणि ३ शिक्षिका-धर्मभगिनी गेल्या. ही शाळा त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच अग्निसुरक्षा तपासणीत उत्तीर्ण झाली होती. इमारत जुनी, म्हणून नव्या नियमांतून तिला सूट होती. आग तळाच्या जिन्यात धुमसत राहिली आणि ती ओळखणारे यंत्रच नव्हते. हाताने वाजवायची घंटा होती, पण ती इमारतीतच वाजणारी, अग्निशमन दलापर्यंत न पोहोचणारी. कागद खोटा नव्हता, तरी मुले वाचली नाहीत. आपल्याकडे तर दाखला देणाऱ्या एजन्सीला पैसे देते ती शाळाच. या व्यवस्थेत सगळेच बेइमान आहेत असे मी म्हणत नाही, पण कडक तपासणी करणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले जाईल याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान अपुरे आणि तेही उशिरा येणारे, त्यातून वीजबिल भागवताना मुख्याध्यापकांची दमछाक होते. म्हणूनच सरसकट नवी यंत्रणा बसवा, असा आदेश मला नको आहे. एकमजली, प्रत्येक वर्गाचे दार थेट मैदानावर उघडणाऱ्या जिल्हा परिषद शाळेला पितळी घंटा आणि सराव पुरेसा आहे. तिथे खरी नजर पोषण आहाराच्या स्वयंपाकघरावर हवी. २००४ मध्ये कुंभकोणमला ९४ मुले गेली, त्या आगीची सुरुवात शाळेच्या स्वयंपाकघरातूनच झाली होती. पैसा लागतो तो शहरातल्या बहुमजली, एकाच अरुंद जिन्याच्या, प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष असलेल्या इमारतींना. तिथेही पहिला खर्च बॅटरीचा आणि शोधक साफ करण्याचा आहे. खोट्या घंटांना मुले सरावतात, म्हणून यंत्रणा बंद ठेवलेली बरी, असे म्हणणाऱ्यांनाही माझे हेच उत्तर आहे. साफ केलेला शोधक क्वचितच खोटे ओरडतो, आणि बंद ठेवलेला तर खरेही सांगत नाही.

एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क धरला. म्हणून महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे माझी मागणी आहे. फॉर्म बी घेताना त्यासोबत एक प्रत्यक्ष चाचणी मागावी. इमारतीचा मुख्य स्विच पाडायचा, एका शोधकाला धूर द्यायचा, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात, दार लावून, घंटा ऐकू येते का ते पाहायचे. ती तासांच्या घंटेपेक्षा वेगळी ओळखू यावी. चाचणीची तारीख, बॅटरी बदलल्याची तारीख आणि जबाबदार कर्मचाऱ्याचे पद शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावे. पुढची पालकसभा होईल तेव्हा पालकांनी पायाभूत सुविधांच्या यादीआधी या तीन ओळी वाचून दाखवा म्हणावे, आणि फलक कोरा असेल तर त्याच सभेत मुख्य स्विच पाडायला सांगावे.