दुसरी नोकरी त्याच गांवीं?

आमचे धाकटे चिरंजीव संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचें काम करतात. कचेरी अंधेरीस, घर मीरा रोडला बेव्हर्ली पार्कांत. सकाळच्या लोकलमध्यें शिरणें ही केवढी विद्या आहे, हें पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांस सांगावयास नको. गेल्या महिन्यांत एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, मुंबई पुरे झाली. मध्यम आकाराच्या एखाद्या शहरीं बिऱ्हाड करावें म्हणतों." नाशिक, नागपूर व कोल्हापूर अशीं तीन नांवें त्यांनीं योजिलीं होतीं.

आम्ही मॅट्रिक झालेले, संस्कृतावर पोसलेले. संगणकाचें शास्त्र आम्हांस अवगत नाहीं. परंतु गांव निवडण्याचा प्रश्न जुनाच आहे. चाणक्यनीतींतही राहण्यायोग्य गांवाच्या खुणा दिल्या आहेत. नदी व वैद्य त्यांतलेच. त्या दृष्टीनें तिन्ही गांवें उत्तीर्ण होतात. तथापि आमच्या सौभाग्यवतींनीं भांडीं आवरतां आवरतां विचारलें, "ही नोकरी सुटली, तर दुसरी त्याच गांवीं मिळेल का रे?" आणि सर्वच गप्प झाले.

चिरंजीवांचें उत्तर असें कीं, काम घरूनही करतां येतें. खरें आहे. 2020 च्या मार्चांत टाळेबंदी झाली, तेव्हां हजारों कचेऱ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आल्या. परंतु पुढें अनेक कंपन्यांनीं माणसें परत बोलाविलीं. पत्रानें मिळालेली मुभा पत्रानेंच परत जाते. इन्फोसिस 1981 सालीं पुण्यास स्थापन झाली आणि 1983 सालीं बंगळूरास गेली. कंपनीस गांव बदलतां येतें. मुलांची शाळा व म्हाताऱ्यांचा वैद्य सोडून घरास तितक्या सहज निघतां येत नाहीं.

शाळामास्तराची संवय जात नाहीं. आम्हीं पाटी घेऊन तीन रकाने आंखले. नागपूर 2011 च्या खानेसुमारीप्रमाणें चोवीस लाखांचें शहर. तेथें मिहान प्रकल्पांत टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस व एचसीएल यांच्या कचेऱ्या आहेत, म्हणजे दुसरें दार ठोठावण्यास जागा आहे. पण वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांस जातो, आणि 701 किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग 2025 च्या जूनमध्यें पुरा झाला तरी मुंबईची फेरी म्हणजे दिवस जावयाचाच. कोल्हापूर साडेपांच लाखांचें. घरभाडें हलकें, माणसें अगत्याचीं. परंतु 2019 व 2021 सालीं पंचगंगेचा पूर शहरांत शिरला होता, म्हणून घर कोणत्या भागांत घ्यावयाचें हें आधीं पाहिलें पाहिजे. शिवाय मोठ्या कंपन्यांचीं नांवें रकान्यांत फारशीं भरलीं नाहींत. नाशिक सुमारें पंधरा लाखांचें. कंपन्या नागपुराहून कमी, पण घोडबंदरावरून ठाणें, भिवंडी व कसारा घाट ओलांडला कीं शहर येतें. कचेरीनें महिन्यांतून दोनदां बोलाविलें तरी जाऊन येतां येईल.

पाटी भरत आली, तेव्हां सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, माझाही एक रकाना आंखा ना." त्या येथील एका शाळेंत गणित शिकवितात. चिरंजीवांच्या दुसऱ्या नोकरीची चिंता आम्ही सर्वांनीं वाहिली. सूनबाईंची पहिलीच सुटणार आहे, हें कोणासही सुचलें नाहीं. चाळीस वर्षें शिक्षकी केलेल्या माणसास हें लिहितांना संकोच वाटतो.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं हाच विचार चालू असेल, त्यांस आमचें सांगणें इतकेंच. पगार व भाडें यांची वजाबाकी शेवटीं करावी. प्रथम त्या गांवांत आपल्या विद्येस विचारणाऱ्या पांच ठिकाणांचीं नांवें लिहावीं, आणि घरांतील प्रत्येक मिळवत्या माणसासाठीं निराळीं लिहावीं. पांच भरलीं नाहींत, तर निदान सहा महिन्यांचा खर्च गांठीं असल्यावांचून निघूं नये. आणि नव्या गांवीं घर लगेच विकत न घेतां अकरा महिन्यांच्या करारानें भाड्यानें घ्यावें; एक उन्हाळा व एक पावसाळा पाहावा.

सूनबाईंनीं नाशिकच्या तीन शाळांकडे अर्ज धाडले आहेत. उत्तरें आल्यावर बिऱ्हाडाचें ठरेल, असें चिरंजीवांनीं आपण होऊन सांगितलें. तोंवर पाटी पुसावयाची नाहीं, अशी घरांत ताकीद आहे.