मागच्या सीटचा प्रश्न

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारींवर लेख कशाला, असे संपादक मंडळ विचारणार, हे गृहीत धरूनच मी लेखणी हाती घेतली आहे. कवितेवर, नाटकावर आणि तरुण पिढीच्या अधःपतनावर लिहिणारे आमच्यात पुष्कळ आहेत. ज्या वस्तूवर जगभरची माणसे इतका जीव टाकतात आणि जिच्यापायी चहाचे कप थंड होईपर्यंत भांडतात, तिच्याविषयी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी लिहिले तर आभाळ कोसळणार नाही.

वाद असा आहे. घरगुती वापराच्या लहान मोटारीत जोरदार एंजिन बसवून, तिचे ब्रेक आणि स्प्रिंगा सुधारून जी गाडी तयार होते, तिला 'हॉट हॅच' म्हणतात. हॅच म्हणजे काचेसकट वर उचलले जाणारे मागचे दार. आत चार-पाच माणसे बसतात आणि मागची सीट आडवी केली की कपाटसुद्धा मावते. याउलट स्पोर्ट्‌स कार म्हणजे बहुधा दोन जागांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, आणि सामानाला जागा असून नसल्यासारखी गाडी. कागदावर पहिली रेघ ओढल्यापासून ती पळण्यासाठीच आखलेली असते. मग पहिली दुसरीची बरोबरी करू शकते काय? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. करू शकते, अनेकदा तिने केलेलीही आहे. मात्र तिची मागची सीट जागेवर आहे तोवरच.

या कल्पनेचा उगम शोधायचा तर १९६१ च्या मिनी कूपरपर्यंत जावे लागेल. मिनीला मागे वर उघडणारे दार नव्हते, पण मागची सीट होती. १९६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने ही चिमुकली गाडी पहिली आणली, आणि आठ सिलिंडरची धिप्पाड फोर्ड फाल्कन दुसरी आली. लहान एंजिनांना गुणांकनात थोडी सवलत होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बर्फाळ डोंगरी रस्त्यावर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी हलकी गाडी किती चिवट ठरते, हे त्या दिवशी दिसले. पुढे १९६५ आणि १९६७ सालीही मिनीच जिंकली.

तथापि खरी कसोटी लागली ती १९७६ साली, आणि तीही जर्मनीत. फोल्क्सवागनमधल्या काही मोजक्या एंजिनिअरांनी, वरिष्ठांची रीतसर परवानगी नसताना, साध्या गोल्फ गाडीची एक तिखट आवृत्ती करून पाहिली होती. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती 'गोल्फ जीटीआय' या नावाने मांडली गेली. कंपनीचा अंदाज होता की अशा ५००० गाड्या खपल्या तर पुष्कळ झाल्या. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या! आता योगायोग असा की त्याच १९७६ साली पोर्शची ९२४ ही स्पोर्ट्‌स कार बाजारात आली. गोल्फचे एंजिन १.६ लिटरचे, ताकद ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. पोर्शचे एंजिन २ लिटरचे, ताकद १२५ अश्वशक्ती, पण वजन सुमारे १०८० किलो. भागाकार ज्याचा त्याने करून पाहावा. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठताना किराणा आणणारी गोल्फ पोर्शच्या मागे पडत नव्हती, उलट किंचित पुढेच असे. किंमत मात्र गोल्फची १४ हजार मार्कांच्या आत आणि पोर्शची २३ हजारांच्या पुढे.

पोर्शवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बसक्या आकारामुळे ९२४ चा कमाल वेग ताशी २०० किलोमीटर होता, तर गोल्फ १८२ वर दमत असे. शिवाय ९२४ चे एंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्याने वजन चारी चाकांवर जवळजवळ सारखे वाटले जाई. हा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो, पण साऱ्या वादाचा गाभा तिथेच आहे.

टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. तो वळण्यावर खर्च केला की पळण्याला उरत नाही, आणि पळण्यावर उधळला की वळणाच्या वेळी हात पसरावे लागतात. बहुतेक हॉट हॅचची पुढची दोन चाकेच गाडी वळवतात आणि तीच ओढतातही. घरात एकच मिळवता आणि दोन बिऱ्हाडे त्याच्याच जिवावर, अशी ही अवस्था. त्यातच वेग वाढवताना गाडीचा भार मागे कलतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पुढच्या चाकांवरचे ओझे हलके होते आणि पकड आणखी घटते. ताकद फार झाली तर स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढ घेऊ लागते. यावर एंजिनिअरांनी खास डिफरन्शिअल, निराळ्या रचनेचे पुढचे सांधे असे पुष्कळ उपाय काढले. ते लागूही पडले, परंतु पगार काही वाढला नाही.

याचा पुरावा हवा असेल तर एकाच घरातली दोन भावंडे पाहावीत. फ्रान्सच्या रेनो कंपनीने २०१७ साली अल्पीन ए११० ही दोन जागांची गाडी आणली आणि पाठोपाठ मेगान आरएस ही हॉट हॅच. दोन्हींत एंजिन एकच, १.८ लिटरचे टर्बो. मेगानमध्ये ते पुढे बसवलेले, ताकद २८० अश्वशक्ती. अल्पीनमध्ये ते चालकाच्या पाठीमागे, ताकद २५२. तरीही ताशी १०० चा वेग अल्पीन साडेचार सेकंदांत गाठते आणि मेगानला ५.८ सेकंद लागतात. कारण उघड आहे. अल्पीन सुमारे ३०० किलोंनी हलकी आहे, आणि मागे कलणारा भार तिच्या ओढणाऱ्या चाकांवरच येतो. एंजिन तेच, घराणे तेच. फरक पडला तो हेतूचा.

यावर हॉट हॅचचे कैवारी हटकून जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचे नाव घेतात. तिथला उत्तरेचा जुना मार्ग २० किलोमीटरांहून लांब, डोंगरातून वळसे घेत जाणारा. १९९९ साली पोर्शच्या ९११ जीटी३ ने त्याची फेरी ८ मिनिटांच्या आत पूर्ण केली तेव्हा मोठे कौतुक झाले होते. २०१९ साली मेगानच्या ट्रॉफी-आर या आवृत्तीने पूर्ण फेरी सुमारे ७ मिनिटे ४५ सेकंदांत मारली. म्हणजे हॅच जिंकली! वीस वर्षांत टायर किती सुधारले हे कोणी बोलत नाही, ते एक असो. माझा आक्षेप वेगळाच आहे. हा विक्रम करण्यासाठी रेनोने त्या गाडीचे वजन १३० किलोंनी उतरवले, आणि त्यासाठी जे काढून टाकले त्यात मागची सीट होती. २००८ च्या मेगान आर२६.आर मध्येही तेच झाले होते. २०१६ साली फोल्क्सवागनने गोल्फची अशीच विक्रमी आवृत्ती ४०० नगांपुरती काढली. तिच्याही मागे सीट नाही.

आता मला सांगा, मागे बसायला जागा नसलेली, दोघांचीच, शर्यतीसाठी सोललेली गाडी म्हणजे काय झाले? ती स्पोर्ट्‌स कारच झाली, आणि तीही गैरसोयीच्या आकाराची. प्रतिस्पर्ध्याचा पोशाख चढवून मिळवलेल्या विजयाला मी तरी बरोबरी म्हणणार नाही. आजी मागे बसलेली, पायाशी पिशव्या, आणि तरीही वळणावर पोर्शच्या पाठीला चिकटलेली गाडी, यात खरी बहाद्दुरी होती. (आजींचे मत निराळे पडेल, ते मला मान्य आहे.)

दुसऱ्या बाजूचा अहंकारही तितकाच पोकळ निघालेला आहे. ब्रिटनची एमजीबी ही लाडकी स्पोर्ट्‌स कार १९६२ पासून जवळजवळ तशीच बनत राहिली. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ साली तिला जाड रबरी बंपर लावले, अंगाने उंच केले, आणि वळणावरची तिची मजाच गेली. १९८० साली तिचे उत्पादन थांबले आणि ॲबिंग्डनचा कारखानाही बंद पडला. तिला एकट्या हॉट हॅचनेच मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जो तरुण पूर्वी एमजीबी घेता, तो आता गोल्फ घेऊ लागला होता. खेळासाठी जन्मलेली गाडी खेळायचेच विसरली, तर केवळ जन्माच्या दाखल्यावर मान मिळत नाही.

आणि १९८९ साली जपानच्या माझदाने एमएक्स-५ ही दोन जागांची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी उघडी गाडी काढली. त्या काळच्या कित्येक हॉट हॅच तिला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकत. तरी २०१६ पर्यंत तिच्या १० लाख गाड्या बनल्या. घड्याळात हरूनही तिचे काही बिघडले नाही, कारण हलकेपणा आणि वळणावरचा तोल ती विसरली नव्हती.

आज काळजी वाटते ती हॉट हॅचचीच. ८१० किलोंची गोल्फ जीटीआय आता सुमारे १४५० किलोंची झाली आहे. २०२५ साली ती भारतात आयात होऊन आली तेव्हा किंमत सुमारे ५३ लाख रुपये होती. 'गरिबाची पोर्श' हे बिरुद या आकड्यापुढे लाजून पळेल. युरोपात फोर्डने फिएस्टाचे उत्पादन २०२३ च्या जुलैत बंद केले, आणि तिच्याबरोबर तिची तिखट एसटी आवृत्तीही गेली. मेगान आरएसही त्याच साली संपली. स्वस्त, हलकी आणि चौघांची, या तीन गोष्टींवर ज्या गाडीने श्रीमंतांच्या गाड्यांना घाम फोडला, तिची पहिली दोन अंगे गळून पडत आहेत, आणि विक्रमाच्या हौसेपायी तिसरे आपणच कापून टाकतो आहोत.

मला कोणी उद्या दोन्हींतली एक फुकट देऊ केली, तर मी १९७६ ची, गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ असलेली ती जीटीआय मागून घेईन. मागच्या सीटसकट.